गच्चीवरून जाणारं विमान

इंदिरानगरच्या आमच्या घरात घड्याळ नावालाच होतं. जुना विमानतळ हाकेच्या अंतरावर. पाहुण्याचं विमान गच्चीवरून घरघरत गेलं की आई कुकर लावायची आणि अप्पा स्कूटर काढायचे. भाताची वाफ जिरायच्या आत पाहुणा पाटावर.

पुढे विमानतळ शहराबाहेर लांब देवनहळ्ळीला गेला. त्यानंतर महिन्याभरातच माझा 'हा' पुण्याहून अप्पांना भेटायला येणार होता. अप्पा मूळचे निपाणीचे. पुण्याचा जावई म्हणजे जन्मभर टोमणे, असं त्यांचं ठाम मत. त्याला बघूनच हो की नाही ते सांगणार होते.

त्या सकाळी मी तीनदा वेणी घातली, तीनदा सोडली. माझे पाय जमिनीवर नव्हतेच. अकराच्या सुमाराला डोक्यावरून घरघर गेली. अप्पा ताडकन उठले, मी मागे बसले आणि आम्ही सुसाट जुन्या विमानतळाच्या फाटकाशी.

फाटकाला कुलूप. आत चिटपाखरू नाही. आता इथून चाचणीचीच विमानं उडतात, असं पहारेकऱ्यानं कन्नडमध्ये समजावलं. नव्या विमानतळाची बातमी अप्पांनी स्वतः पेपरातून कापून ठेवली होती. मी स्कूटरला धरून हसत सुटले.

तेवढ्यात त्याचा फोन आला. तो तिकडे देवनहळ्ळीला दारात उभा. मी खरं काय ते सांगितलं, टॅक्सीनं ये म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पुण्याच्या माणसाच्या हाती मी आयतं कोलीत दिलं होतं.

घरी आईनं विचारलं, तर अप्पा म्हणाले, विमान लेट आहे.

दोन तासांनी तो घामाघूम होऊन पोचला. आईनं पाणी दिलं.

"फारच लेट झालं की विमान?"

त्यानं एकदा अप्पांकडे बघितलं.

"हो काकू. फारच."

अप्पा घसा खाकरत स्वयंपाकघरात माझ्यामागे आले. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "चालतंय की हा."

मी आनंदानं ओट्यापाशी गिरकीच घेतली. तेव्हा कुकर दिसला. थंडगार. आत धुतलेले तांदूळ तसेच. सकाळच्या त्या घरघरीला आईनं गॅस पेटवलाच नव्हता.

मी झाकण हातात घेऊन तिच्याकडे वळले.

"विमान कुठलं ते कानाला कळतंय," आई म्हणाली. "पोरगा कसला ते विचारून बघावं लागतंय."

आणि तिनं कुकर लावला.