एक लाल, एक निळा

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आत्याच्या ग्राउंडवर खरंच मारामारी झाली का?" तेव्हा तुमची आई मागून म्हणाली, "अरे, आजीला काय विचारता, ती कुठे बघते मॅच!" तिकडे तुमची शाळेची घाई होती आणि इकडे माझी झोपायची वेळ झाली होती. मारामारी झाली, मी ती बघितली, आणि ती जशी झाली तशी होण्याला थोडीफार मीच कारण होते. हे सगळं दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या ब्रिस्बेनमध्ये रग्बी लीग माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. इथे जर्मनीत उलटं आहे. तेरा-तेरा जणांचा असा एक खेळ आहे, सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्या बाजूला द्यायचा असतो, हे शेजाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. तुमच्या आत्याचा क्लब डार्मश्टाटजवळच्या एका लहान गावात खेळतो. मैदान क्लबचं नाही, गावचं आहे. गावच्या कचेरीने परवानगी दिली तर सामने, नाही तर नाही. एका बाजूला लाकडी बाकांची छोटी गॅलरी, बाकी तीन बाजूंना दोरी, पलीकडे सफरचंदांची झाडं आणि रेल्वेचे रूळ.

आत्या इथे शिकायला आली तेव्हा एकटी होती. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. पण तिची म्हणता येतील अशी माणसं तिला मिळाली ती या मैदानावर. ती बायकांच्या संघात खेळते. पुरुषांच्या सामन्यांना प्रेक्षकांची व्यवस्था बघते, कारण ती इंजिनिअर आहे आणि इंजिनिअरला सगळं जमतं असं क्लबातल्या लोकांना वाटतं. तिलाही तसंच वाटतं.

मी तिच्याकडे राहायला आल्यापासून बहुतेक सामन्यांना जाते. खेळ मला अर्धाच कळतो, म्हणून मी माणसं बघते. इथला प्रेक्षक ओरडतो खूप, पण पाऊल बघून टाकतो. रागाच्या भरात बिअर फेकणारे मी पाहिले आहेत; ते बिअर फेकतात, पेला फेकत नाहीत. पेला परत केला की अनामत रक्कम मिळते, ती ते कितीही रागावले तरी विसरत नाहीत. पंचाला वाटेल ते बोलून झाल्यावर तोच माणूस बाकाखालचा कचरा उचलून योग्य त्या डब्यात टाकतो. कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं.

मागच्या उन्हाळ्यात मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. नदीपलीकडच्या गावाचा संघ आला होता. त्यांच्याबरोबर वीसेक तरुण आले, त्यांतल्या बऱ्याच जणांना रग्बीशी देणंघेणं नव्हतं. फुटबॉलच्या मैदानांवर पोलीस फार झाले म्हणून ते इकडे आले होते, असं नंतर कळलं. त्यांनी ढोल आणला होता, धुराच्या नळ्या आणल्या होत्या. आमच्या बाजूचे लोकही काही साधे नव्हेत. "तुमच्या गावात तर गाडीसुद्धा थांबत नाही!" असं तिकडून कोणी ओरडलं. "थांबते रे, तुमचे चेहरे बघून पुढे जाते!" असं इकडून उत्तर गेलं. इथवर सगळे हसत होते. मग धूर झाला, कोणीतरी दोरी ओलांडली, रेषेवरच्या पंचाच्या पाठीवर बिअर आली. या वेळी पेल्यासकट. सामना थांबवावा लागला.

आठवड्याभरात कचेरीचं पत्र आलं. याच दोन संघांचा पुढचा सामना खेळू देऊ, आमचा माणूस बघायला येईल, पुन्हा गोंधळ झाला तर मैदान बंद. पुरुषांना, बायकांना, लहान मुलांच्या शनिवारच्या वर्गालाही. आत्या त्या दिवशी जेवली नाही. "आई, दुसरं मैदान नाहीये. मैदान गेलं की क्लब गेला," एवढंच म्हणाली आणि संगणक उघडून बसली.

तिने आराखडा केला. गॅलरीच्या डाव्या अंगाला पाहुणे, उजव्या अंगाला घरचे, मधली बाकं रिकामी, त्यांना फीत बांधलेली. पिवळी जाकिटं घालून उभे राहणारे स्वयंसेवक कोण, कुठे, हे सगळं नकाशावर. कचेरीने तो मान्य केला. ढोल आणि धूर फाटकावरच अडवायचे असं ठरलं.

सामन्याच्या सकाळी दोन स्वयंसेवक तापाने आडवे झाले. आत्याने माझ्याकडे बघितलं.

"आई, जाकीट घालशील?"

"मी? आणि करायचं काय?"

"काही नाही गं. गॅलरीपाशी उभी राहा. कोणी विचारलं तर बसायला सांग. तुला बघून कोणी दंगा करणार नाही."

ते जाकीट मला गुडघ्यापर्यंत येत होतं. खाली साडी नव्हती, सलवार-कमीज होता, तरी फाटकावरची मुलगी माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

प्रेक्षक यायला लागले तेव्हा आत्या तिथे नव्हती. रुग्णवाहिका चुकून रुळांच्या पलीकडच्या रस्त्याला लागली होती, आणि ती आल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही असा नियम आहे. म्हणून ती फोन कानाला लावून फाटकाबाहेर पळाली. जाताना ओरडली, "आई, तेवढं बसवून घे सगळ्यांना!"

फीत अजून बांधलेली नव्हती. नकाशा तिच्या खिशात होता. माझ्यासमोर रिकामी बाकं, आणि फाटकातून येणारे घरच्यांचे लाल मफलर आणि पाहुण्यांच्या निळ्या टोप्या.

आता मी पुण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि परीक्षांच्या दिवसांत बैठकव्यवस्था माझ्याकडे असे, हे तुम्हाला माहीत आहे. गडबड करणारी दोन माणसं शेजारी बसवायची नाहीत, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. एका बाकावर एक पाचवीचा, एक आठवीचा. पाचवीचा आठवीच्या पेपरात डोकावून काय करणार? बोलायलाही दोघांना विषय नसतो. वर्ग आपोआप शांत राहतो.

मी पहिल्या बाकापाशी उभी राहिले आणि माझ्या स्वच्छ कॉन्व्हेंटी इंग्रजीत म्हणाले, "एक लाल, एक निळा, प्लीज."

एक दांडगा, लाल मफलरवाला गृहस्थ थबकला. "असं बसायचं?"

"हो. असंच."

"नवा नियम?"

"कृपया बसा. मागे लोक खोळंबलेत."

तो बसला. त्याच्या शेजारी निळ्या टोपीचा एक वयस्कर माणूस बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मग पुढचा लाल, पुढचा निळा. कोणी कुरकुरलं, एकाने मित्राशेजारी बसायचं म्हणून हट्ट केला, मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. पण इथे पिवळं जाकीट घातलेल्या माणसाने सांगितलं तर लोक आधी ऐकतात आणि तक्रार नंतर करतात. आत्या परत येईपर्यंत गॅलरी भरली होती.

ती पायरीवरच थांबली. "आई! हे काय करून ठेवलंस?"

"बसवून घे म्हणालीस ना."

"अगं, वेगळे बसवायचे होते! वेगळे! मधे जागा सोडून!"

"मग वेगळेच बसवलेत की. एकसुद्धा मित्र मित्राच्या शेजारी नाही."

तिने कपाळाला हात लावला. सगळ्यांना उठवून पुन्हा बसवणं म्हणजे आपणहून धक्काबुक्कीला आमंत्रण. शिवाय कचेरीतले गृहस्थ तोवर आले होते. उंच, किडकिडीत, हातात सायकलचं हेल्मेट. ते गॅलरीच्या टोकाला उभे राहिले आणि आधी बाकांकडे, मग आमच्याकडे बघायला लागले. पंचाने शिट्टी वाजवली.

पहिला डाव मी माझ्यावर बऱ्यापैकी खूश होते, हे कबूल करायला हरकत नाही. घोषणा द्यायला शेजारी आपला माणूस लागतो. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याने उचलायची. इथे एक लाल आवाज उठायचा, दुसरा तीन माणसं सोडून यायचा, मधल्या निळ्यांकडे बघून दोघेही ओशाळायचे. पाहुण्यांतला एक तरुण उठून पंचाला म्हणाला, "चष्मा घरी विसरलास काय रे!" तर शेजारचा लाल मफलर शांतपणे म्हणाला, "या वेळी तुमच्याच बाजूने दिलंय त्याने. खाली बस." तो बसला. वयस्कर निळ्या टोपीने पिशवीतून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि बराच वेळ एकटाच खाल्ल्या. मग पिशवीचं तोंड दांडग्याकडे केलं.

आत्याला मात्र चैन नव्हतं. ती येरझाऱ्या घालत होती. "आई, जमलंय तोवर ठीक आहे. पेटलं तर काय करायचं? मधे जागाच नाहीये."

ती म्हणाली ते बरोबर होतं. दुसऱ्या डावात आमच्या खेळाडूने पाहुण्यांच्या एकाला गळ्याशी धरून पाडलं. तो पडला तो उठेना. गॅलरी उठली. दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले, त्यामुळे भांडण एका जागी सुरू झालंच नाही, ते सगळीकडे एकदम सुरू झालं. जो तो शेजाऱ्याशी. छातीला छाती, बोट नाकासमोर. "मुद्दाम केलं त्याने!" "तुमचेच नाटकी आहेत!" मी माझ्या वर्गातल्या आवाजात "सिट डाउन" म्हणाले. कोणी ऐकलं नाही. ऐकू गेलंच नसावं.

मग खालच्या बाकावर एक ठोसा बसला. लाल मफलरवाल्या एका पोराने वयस्कर निळ्या टोपीला मारलं. टोपी पडली, बिया सांडल्या, त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. त्याच क्षणी तो दांडगा वळला. मी समजले, आता हा संपला म्हातारा. पण दांडग्याने हात धरला तो आपल्याच बाजूच्या त्या पोराचा.

"काय केलंस?"

"अरे, तो निळा आहे!"

"निळा आहे ते मला दिसतंय. दीड तास शेजारी बसलाय माझ्या. माफी माग."

पोराने माफी मागितली की नाही ते गोंगाटात कळलं नाही. दांडग्याने त्याला पायऱ्यांवरून खाली नेलं आणि फाटकावर सोडलं. मैदानावर पडलेला खेळाडू तोवर उठून बसला होता, पाडणाऱ्याला पंचाने बाहेर काढलं होतं. लोक एकेक करून खाली बसले. सामना पूर्ण झाला. कोण जिंकलं ते आत्याला विचारा.

शेवटी कचेरीतले गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनी ठोशाबद्दल काही विचारलंच नाही.

"मान्य केलेल्या आराखड्यात मधे रिकामी जागा होती," ते म्हणाले. "इथे ती नव्हती."

आत्याने कोणावर ढकलायचं ठरवलं असतं तर तापाने पडलेले दोघे होते, रुग्णवाहिका होती. "ही माझी आई," ती म्हणाली. "मी तिला नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, असं का बसवलं? मी पाचवी-आठवीचं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत होते.

"आणि तुमच्याकडे मुलं खरंच कॉपी करत नाहीत?"

"करतात," मी म्हणाले. "पण कमी."

ते हसले नाहीत. हेल्मेट डोक्यावर चढवून गेले. नंतरचे दिवस आत्याने कसे काढले ते मी बघत होते. फोन वाजला की उठायची. शनिवारच्या मुलांच्या आया विचारायच्या, तर म्हणायची, "अजून काही कळलं नाही."

मग उत्तर आलं. मैदान एक वर्ष राहील. मारामारी एका माणसापुरती राहिली आणि प्रेक्षकांनीच मिटवली, याची नोंद घेतली आहे. मात्र यापुढे आराखड्याप्रमाणेच बसवायचं, मधली बाकं रिकामी ठेवायची, आणि प्रशिक्षण न घेतलेल्या कोणालाही पिवळं जाकीट द्यायचं नाही. हे शेवटचं वाक्य कोणासाठी होतं ते सांगायला नको. आत्याने पूर्ण वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली. "आई, चहा टाक," म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

वर्षभराने काय होईल ते तेव्हा. मी कचेरीला दोष देत नाही. त्या दुपारी नशीब बरं होतं म्हणून एका नाकावर भागलं. दर वेळी भागेल असं नाही. माझी पद्धत मुलांच्या परीक्षेसाठी होती, आणि परीक्षेत कोणी कोणाला गळ्याशी धरत नाही.

त्यानंतरचा त्याच दोन संघांचा सामना मी घरच्या बाजूने, साध्या कोटात, तिकीट काढून बघितला. मधे रिकामी बाकं होती आणि त्यांना दोन्हीकडून फीत. डावीकडे निळे, उजवीकडे लाल, घोषणा पहिल्यासारख्या जोरात. गाडी थांबते की नाही यावर पुन्हा वाद झाला. मध्यंतरात लोक बिअर आणायला गेले. तो दांडगा गेला नाही. तो फितीपाशी जाऊन उभा राहिला. पलीकडून निळ्या टोपीचा म्हातारा आला, पिशवी उघडली आणि फितीवरून हात पुढे केला. एक पिवळं जाकीट त्यांच्या दिशेने निघालं. मग फीत कोणी ओलांडलेली नाही हे त्याने बघितलं आणि ते परत वळलं.