सुलोचनाची काच

मुकेशच्या नळ-पाइपच्या दुकानात कवडूभाऊ ताकसांडे सांडपाण्याच्या पाइपचा एकेक तुकडा उचलायचे, डोळ्याला लावायचे आणि पलीकडच्या रस्त्याकडं बघून खाली ठेवायचे.

"कवडूभाऊ, कुठं गळून राह्यलं?" मुकेशनं विचारलं.

"गळत नाई. कॅमेऱ्याले लावाचा हाय."

"मंग फोटोत पाणी येईन ना!"

"आलं तं तुलेच बोलावतो गा. हा जाडा दे. वीतभर काप."

मुकेश हसत हसत पाइप कापू लागला. "आता कोणतं नवीन काढलं? गिऱ्हाईक तं सारे मोबाइलवरच फोटो काढून घेते."

"गिऱ्हाइकासाठी नाई," कवडूभाऊ म्हणाले, आणि पाइपची खरबरीत कड अंगठ्यानं चाचपत राहिले. कोणासाठी, हे मुकेशनं विचारलं नाही.

पुलगावात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मुलीच्या नावाचा, रोशनी. दारूगोळ्याच्या डेपोत कामाला लागलेल्या कितीतरी माणसांचे ओळखपत्राचे फोटो त्यांनी काढले. निळा पडदा, स्टूल, कोपऱ्यात आरसा आणि आरशाखालच्या फळीवर कंगवा नि पावडरचा डबा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की कवडूभाऊ पुढं यायचे, दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून चेहरा सरळ करायचे आणि म्हणायचे, "इकडं पाहा." मान जराशी कलली तरी त्यांना चालायचं नाही.

पोटासाठी असे फोटो आणि जिवासाठी लेन्स. नवी लेन्स घेण्याची ऐपत कधीच नव्हती, म्हणून ते घरीच काहीबाही करायचे. लेन्स उलटी बसवून मुंगीचे फोटो काढले. मच्छरदाणीचा तुकडा लेन्सवर ताणून नवरीच्या चेहऱ्यावर मऊ उजेड आणला. काचेच्या कडेला व्हॅसलीन लावून मधला चेहरा स्वच्छ नि भोवतालचं सगळं धुक्यात, असंही केलं. प्रत्येक नव्या करामतीचा पहिला फोटो बायकोचा, सुलोचनाचा असायचा. पोळ्या लाटता लाटता ती हात पुसत यायची, स्टुलावर बसायची. "लवकर काढा, तवा तापला," म्हणायची. आणि फोटो पाहून, "यात मी भूत दिसतो," म्हणून हसायची.

मग तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही, पण कडेची नजर राहील. कवडूभाऊंच्या मनात त्यातलं एवढंच राहिलं, की मधलं गेलं. येताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "काळं दिसते काय?"

"काळं नाई," सुलोचना म्हणाली. "लिहिलेल्या कागदावर पाणी पडलं तं जसं होते ना, तसं. पाहावं तिथंच पुसलं जाते."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची ती दुसरीकडंच पाहून. जेवताना खिडकीकडं, चहा घेताना भिंतीकडं. कवडूभाऊंना ते सोसवायचं नाही. ते जवळ जाऊन, सवयीनंच, दोन बोटांनी तिची हनुवटी धरायचे आणि चेहरा आपल्याकडं वळवायचे. "इकडं पाय ना. मी इकडं हाव."

"पाह्यतच तं होती," ती म्हणायची.

"खिडकीत हाव काय मी?"

ती चेहरा त्यांनी वळवला तसाच ठेवायची, नजर मात्र हळूहळू विझल्यासारखी व्हायची. "दिसतो काय मी?" असं त्यांनी एकदा विचारलंही. "दिसता ना," ती म्हणाली. मनाला बरं वाटावं म्हणून म्हणाली, असं त्यांनी धरलं.

सुलोचनाला जाऊन आता वर्ष होत आलं. रोशनी पुण्याहून फोन करते, जेवलात का विचारते. ते जेवलो म्हणतात. वंदनेला बुद्धविहारात जातात, परत येऊन स्टुडिओत बसतात. समोरून आगगाडी गेली की फ्रेमच्या काचा थरथरतात. शेवटी शेवटी सुलोचनाला आपला चेहरा दिसत होता की नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. आता विचारणार कोणाला? म्हणून त्यांनी तिचा डोळाच बनवायला घेतला होता.

पहिल्यांदा त्यांनी व्हॅसलीनची जुनी करामत उलटी केली. कडा स्वच्छ ठेवून मध्ये ठिपका लावला नि काच लेन्सला चिकटवली. पण पुसलेला भाग कुठं दिसेचना, सगळा फोटोच थंडीतल्या सकाळसारखा धुरकट झाला. काच लेन्सच्या फार जवळ होती. ठिपक्याच्या आजूबाजूनं उजेड आत शिरतच होता. काच पुढं न्यायला हवी, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि म्हणूनच तो पाइप.

कोणी न्यायला न आलेल्या एका फ्रेमची काच त्यांनी गोल कापली. पाइपच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून ती बसवली. मधोमध अंगठ्याएवढा व्हॅसलीनचा ठिपका दिला. लेन्सची कडी फिरवून उजेड आत येण्याचं छिद्र बारीक केलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळ्या पडद्याच्या मधोमध एक डाग उतरला. काळा नाही, पाणी पडल्यासारखा.

पहिला फोटो. त्यांनी मान वर केली. स्टूल रिकामं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी ते स्टूल ओढून आरशासमोर ठेवलं आणि स्वतःच त्यावर बसले. कॅमेरा छातीशी धरून नेम चेहऱ्यावर घेतला नि पडद्यावर पाहिलं. शर्ट होता, खांदे होते, कान अर्धे होते. चेहरा नव्हता.

मग दिसत नव्हतोच, त्यांना वाटलं. पाइपच्या वजनानं मनगट दुखायला लागलं, हात बाजूला कलला आणि नेम फळीवरच्या पावडरच्या डब्यावर गेला. डबा पुसला गेला. आणि पडद्याच्या कडेला एक म्हातारा माणूस आला. दाढीचे पांढरे खुंट, चष्म्याची वाकडी काडी, सगळं लख्ख.

त्यांनी कॅमेरा सरळ केला. माणूस गेला. डब्याकडं वळवला. आला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, मग पुन्हा.

पाह्यतच तं होती.

खिडकीकडं, भिंतीकडं पाहताना ती त्यांनाच पाहत होती. आणि ते उठून जवळ जायचे, दोन बोटांनी तिची हनुवटी वळवायचे, स्वतःलाच पुसून टाकायचे. तीही वळवू द्यायची.

स्टुलावर बसलेल्या कवडूभाऊंचा उजवा हात आपोआप वर आला होता, गिऱ्हाइकाची हनुवटी धरायला येतो तसा. त्यांनी तो खाली घेतला. कॅमेऱ्याचा नेम डब्यावरच राहू दिला आणि बटण दाबलं.