धुक्यातला भोंगा

बाभुळगावात समुद्रावर नोकरी केलेला माणूस तो एकटाच. आमच्या ओसरीवर त्या वर्षांत भावाअभावी कापूस पडून असायचा. त्या ढिगाला टेकून तो बसायचा आणि चहाच्या कपाखाली ओला रुमाल अंथरायचा, कप घसरू नये म्हणून. जमीन हलत नाही, हे त्याच्या हातांना कधी पटलंच नाही.

दर नोव्हेंबरात तो हयातीचा दाखला घेऊन यायचा. मी हेडमास्तर, त्यावर सही माझी. खलाशांचा पेन्शन फंड कोर्टात अडकला होता आणि पेन्शन केव्हाची बंद झाली होती. एकदा मी विचारलंच, "मंग कायले पाठवता?"

"धुक्यात जहाजाचा भोंगा वाजवाच लागते, गुरुजी. समोरून उत्तर येवो का न येवो."

मी निवृत्त झालो, त्या नोव्हेंबरातही तो आला. मी म्हटलं, "शिक्का शाळेत जमा केला. माझी सही आता कोणी मानणार नाही."

रुमाल अंथरत तो म्हणाला, "तिथं कोण पाहून राह्यलं? तुम्ही तं पाह्यता ना. करा."

मी चष्मा लावला, नियमाप्रमाणे त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि लिहिलं, 'समक्ष पाहिले. हयात आहेत.'