दुबईला न पोचणारी फर्माईश

आमच्या रत्नागिरीच्या रेडिओ स्टेशनवर सकाळी एक निवेदक असायचा. ते स्टेशन आता बंद झालंय. त्याचा चेहरा मी एकदाच पाहिला, हातखंब्याला, चहाच्या टपरीवर. "एक चहा, साखर कमी," एवढंच तो म्हणाला आणि मी आवाज ओळखला. बोलताना त्याचा डावा हात आपसूक कानाशी जात होता, हेडफोन सावरावा तसा.

गावागावातल्या बायका मुंबईला, दुबईला असलेल्या नवऱ्यांसाठी गाणी मागायच्या आणि हा ती फर्माईश नावागावासकट वाचून दाखवायचा. मी म्हटलं, "अहो, इथून पुढे गेलं की तुमचं स्टेशन खरखरतं. दुबईत कोण ऐकणार?"

त्याने कपातला चहा बशीत ओतला. "नवऱ्याने ऐकावं म्हणून कोण फोन करतंय? वाडीने ऐकलं म्हणजे झालं."

त्याची एसटी आली, तो गेला. मला तो जरा आगाऊच वाटला.

रात्री जेवताना बायकोला सहज विचारलं, "मी दुबईला होतो तेव्हा तू कधी रेडिओवर गाणं मागितलं होतंस का?"

ती भात वाढत होती. "अख्ख्या वाडीला ठाव हाय," ती म्हणाली. "तुम्हालाच तेवढं नाय."