सुट्टीसाठी पेरलेली ज्वारी

"बराबर बसलीस का?"

हे विचारल्याशिवाय आमच्या शेजारच्या काकांनी कधी मोटरसायकलचा गिअर टाकला नाही. मागच्यानं नुसतं 'बसले' म्हणून चालायचं नाही. ते एक हात मागं नेऊन मागच्याला पांघरलेल्या घोंगडीचं टोक चाचपायचे, ते चाकात जाणार नाही याची खात्री करून घ्यायचे आणि मग पुन्हा एकदा विचारायचे. तोवर गाडी जागेवर धूर सोडत उभी. सुटल्यावर तिचा वेग असा, की मेंढरं हाकणाऱ्या माणसानं बाजूनं चालत गप्पा माराव्यात. आणि तो माणूस खरंच गप्पा मारायचा, कारण मेंढरं दिसली की काका थांबणारच. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. शेती नंतर आली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. ज्याच्यावर सगळे हसतात आणि कुणाचं काही अडलं की आधी ज्याला हाक मारतात.

आमचं गाव वाटूर फाट्यापासून आत आहे. पुण्याहून निघालेली बस पहाटे फाट्यावर सोडते आणि तिथून पुढं काहीच मिळत नाही. डिसेंबरात पप्पा रात्रभर गव्हाला पाणी देऊन नुकते आडवे झालेले असायचे, म्हणून मला आणायचं काम काकांनी स्वतःकडं घेतलं. शिवाय मी पुण्यात कॉलेजला गेले त्या पहिल्या वर्षी त्यांची मुलगी शीतलही माझ्याबरोबर असायची. ती माझ्याहून दोन वर्षं पुढं, पुण्यात नर्सिंगला. आम्ही उतरलो की काका आम्हा दोघींना एकाच घोंगडीत गुंडाळायचे. आम्ही मोबाइलवर फोटो काढून घेतला होता, त्यात दोघींची फक्त नाकं दिसतात.

त्या सुट्टीसारखी सुट्टी मला पुन्हा मिळाली नाही. सकाळी चुलीवर तापलेलं, धुराचा वास असलेलं पाणी अंगावर घ्यायचं आणि गच्चीवर उन्हात गोधडी पांघरून लोळत पडायचं. आई खालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा वर पाठवायची. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. दोन्ही घरांची गच्ची एकच, मधे फक्त गुडघाभर भिंत. शीतल पलीकडून पाय टाकून इकडं यायची आणि होस्टेलच्या मेसला शिव्या देत माझ्याच शेंगा खायची.

आणि हुरडा. ज्वारीचं कणीस हिरवं, दुधाळ असतं तेव्हाच तो भाजायचा. हे दिवस थोडे असतात, आठवडाभरात दाणा टणक होतो. आमच्याकडची ज्वारी बहुतेक वेळा आमच्या सुट्टीच्या आधीच हुरड्याला येते. म्हणून काकांनी एक वेडेपणा सुरू केला होता. सगळं रान पेरून झालं की बांधाकडेच्या काही ओळी ते मोकळ्या ठेवायचे आणि त्या मागास, म्हणजे उशिरानं, पेरायचे. कॉलेजला सुट्टी कधी लागणार हे विचारून, त्या हिशेबानं. बाकीचं रान पिवळं पडलं की त्या हिरव्या ओळींवर सगळ्या शिवारातली पाखरं तुटून पडायची. काका डबा वाजवत उभे. गाव म्हणायचं, हा पाखरांचा हुरडा पेरतो. काका हसायचे आणि डबा वाजवायचे.

पुढच्या पावसाळ्यात शीतलनं पुण्यात लग्न केलं. जातीबाहेर. मुलगा चांगला होता, तिच्याच हॉस्पिटलात होता, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. काकांच्या थोरल्या भावानं भावकी बोलावली. ठरलं असं, की तिनं या घराचा उंबरा चढायचा नाही आणि तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. गावाच्या ग्रुपमधून तिचा नंबर त्याच दिवशी काढला गेला. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी होकाराची मान हलवली. ती मान काकीनं पाहिली आणि त्या दिवसापासून ती काकांशी कामापुरतं बोलायला लागली. जेवायला वाढलंय. पाणी तापलंय. बस्स. भिंत पातळ होती, आम्हाला त्या घरातली शांतता ऐकू यायची.

मला तेव्हा काकांचा रागच आला होता. त्या डिसेंबरात मी एकटी बसमधून उतरले, तर ते फाट्यावर हजर. मी उतरले तरी ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या मागं कोण उतरतंय ते बघत होते. एक म्हातारा उतरला, मग पोती उतरली, मग कंडक्टरनं दार लावलं. बस गेल्यावर त्यांनी घोंगडी झटकली आणि ती सगळी माझ्या एकटीभोवती गुंडाळली.

बांधाकडेच्या ओळी त्यांनी त्याही वर्षी मागास पेरल्या होत्या. थोरल्या भावानं टोकलं, आता कुणासाठी हे? काका म्हणाले, शेजारची पोर येती ना सुट्टीला. माझं नाव पुढं केलं. मी परत निघाले तेव्हा मेथीच्या वड्या, शेंगदाण्याची चटणी आणि वाळवलेल्या हुरड्याचं पीठ, एवढं दिलं की आम्हा होस्टेलच्या चौघींनाही संपलं नसतं. "वाटून खा," म्हणाले. कुणाशी, ते काही बोलले नाहीत. मी अर्धं शीतलला नेऊन दिलं. पिशवीची गाठ बघूनच तिनं ओळखलं.

माझी सुट्टी अशी त्यांच्या कामी आली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मी जास्तच ऐटीत खायला लागले.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शीतलला मुलगी झाली होती. काका आणि मी दोघंच शेतात होतो, आगटीत कणसं भाजत होती आणि काका ती हातावर चोळून दाणे माझ्यापुढं टाकत होते. मी मोबाइलवरचा बाळाचा फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी राख लागलेले हात आधी धोतराला पुसले, मग मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला. बाळाचं कपाळ अगदी त्यांच्यासारखं होतं, रुंद. बराच वेळ त्यांनी तो परत दिलाच नाही. स्क्रीन बंद पडली की माझ्याकडं करायचे, मी पुन्हा चालू करून द्यायची.

मग म्हणाले, "तिला म्हन, पुढच्या साली लेकरू घेऊन हुरड्याला ये. घरी न्हाई. शेतात ये."

मी म्हटलं, भावकीला कळलं तर?

"उंबरा चढू नको म्हनले ते. शेताला कुठं उंबरा असतो?"

एवढं बोलायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. मी म्हटलं, काकीला तरी सांगा. ते मान हलवून नाही म्हणाले. "ती रडन. तिचं रडनं पार थोरल्याच्या घरापर्यंत जातंय. मंग ह्ये बी बंद करत्याल. ती आली की समोरच उभी करू." आणि मलाही कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की त्या वेळी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते डिंक, खोबरं आणि अळीव घेऊन आमच्या आईकडं आले. पोरीला अभ्यासाला ताकद लागते, लाडू करून द्या म्हणाले. आई मला नंतर विचारत होती की अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात, हे या माणसाला माहीत नाही का? मी म्हटलं, पुरुषमाणसाला कुठलं माहीत असणार.

शीतल तो निरोप ऐकून आधी हसली, मग स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. त्यानंतर वर्षभर ती लेकीला काकांना 'आबा' म्हणायला शिकवत होती. यंदाच्या गणपतीनंतर काकांचा मला फोन आला. ओळी पेरल्यात, उगवण चांगली झालीय, तुमचे पेपर कधी संपतात ते सांग. मी तारीख सांगितली. ते म्हणाले, बसतंय बराबर.

परीक्षेच्या दिवसांत मी मोबाइलवरचं सगळं काढून टाकते, फक्त फोन तेवढा येतो-जातो. घरी रोज बोलायची. काका कसे आहेत, असं मी आईला दोनदा तरी विचारलं. आहेत की, म्हणाली. ओळींवर पाखरं बसतात का, म्हटलं. बसतात, म्हणाली आणि फोन पप्पांकडं दिला. मला काही वेगळं वाटलं नाही.

पेपर संपले त्याच संध्याकाळी आम्ही बसमध्ये बसलो. शीतल, तिची लेक आणि मी. नवऱ्यानं स्टँडवर आणून सोडलं, आधी तुम्ही जाऊन या म्हणाला. शीतल माहेरी जाताना नेसतात तशी नवी साडी नेसली होती. थंडीत कशाला, म्हटलं तर म्हणाली, आबांनी मला साडीत कधी बघितलंच नाही. लेकीला कानटोपी, मोजे, वर आणखी एक शाल. जालना मागं पडल्यावर शीतलनं खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली ती थेट फाट्यापर्यंत.

फाट्यावर पप्पा उभे होते.

मी आधी उतरले. पप्पांनी माझी बॅग घेतली आणि मग त्यांना मागं शीतल दिसली, कडेवर लेकरू घेतलेली. त्यांच्या हातातली बॅग खाली आली. काका कुठं आहेत, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, आधी इथं बसा दोघी. चहाच्या टपरीसमोर बाकडं होतं, त्यावर बसवलं.

काका जाऊन पंधरवडा झाला होता. शेतातच छातीत कळ आली, जीप करून जालन्याला नेलं, पण वाटेतच संपले. माती झाली, दहावा झाला, तेरावाही झाला.

"तुझे पेपर चालू होते," पप्पा माझ्याकडं बघत म्हणाले. "म्हनलं संपू दे, मंग सांगू."

आमच्याकडं असंच करतात. पोर शिकायला बाहेर असली की घरात काहीही घडो, परीक्षा होईपर्यंत तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. त्यांनी माझ्यासाठीच केलं होतं ते. आईनंही माझ्यासाठीच मन घट्ट करून 'आहेत की' म्हटलं असेल. पण गावातून शीतलपर्यंत जाणारी एकच वाट होती, ती म्हणजे माझा फोन. हे काका आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

"मला सांगायला कोन्हीच नव्हतं का?" शीतलनं पप्पांना विचारलं.

पप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांना ते सगळं तिथं बाकड्यावर कळलं. मी माझ्या बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ते टपरीच्या मागं गेले आणि तोंड धुऊन आले. मग शीतलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, आमच्या घरी चल, कोण काय बोलतं ते मी बघतो.

ती म्हणाली, "न्हाई. शेतातच न्या."

बांधाजवळ मागास ओळी हिरव्यागार उभ्या होत्या. वरची बरीच कणसं पाखरांनी फोडली होती. हुरड्यासाठी आगटीचा खड्डा काकांनी आधीच खणून ठेवला होता, भोवती गोवऱ्या रचलेल्या, दव लागू नये म्हणून त्यावर खताचं रिकामं पोतं झाकलेलं. विहिरीच्या अलीकडं, जिथं त्यांना अग्नी दिला होता, तिथली जमीन काळी होती. शीतल त्या जागेपाशी उकिडवी बसली. लेकीला मांडीत घेतलं. लेकरू 'आबा, आबा' करायला लागलं, कारण गाव आलं की हे म्हणायचं असं तिला शिकवलेलं होतं. शीतलनं तिला थांबवलं नाही.

पप्पा कधी गावात गेले मला कळलं नाही. ते काकीला घेऊनच आले. काकी बांधावरून उतरताना दोनदा अडखळली. तिनं शीतलला काही विचारलं नाही, आधी लेकरू उचललं, त्याचे गार पाय पदरात घेतले आणि त्याच्या कपाळाकडं बघत राहिली. मग तिचं रडणं सुरू झालं. काका म्हणायचे तसंच होतं ते, सगळ्या शिवारात ऐकू जाईल असं. आता ते कुठवर जातंय याची कुणालाच फिकीर नव्हती.

जरा सावरल्यावर तिनं विचारलं, "तुला कोन सांगितलं बाई, आबा गेले म्हनून?"

"कोन्ही न्हाई," शीतल म्हणाली. "मला आबांनीच बोलावल्तं. हुरड्याला."

काकीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, ओळींचं, फोटोचं, लाडवांचंसुद्धा. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत उतरत गेला. एवढी वर्षं ज्या माणसाला तिनं नुसतं जेवण वाढलं होतं, त्याचं हे आता तिला तिऱ्हाइताच्या तोंडून कळत होतं. लेकराला छातीशी धरून ती त्या काळ्या जमिनीकडं वळली.

"मला तरी सांगायचं होतं तुमी," म्हणाली.