जाड चाकं, फक्त फरशीवर

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. बागेच्या चाकांच्या खुर्चीची अनामत पाचशे रुपये. हजर: मी, माझी बायको, बागेचा सुपरवायझर, एक वॉचमन आणि तिकिटाच्या रांगेतली पंधरा-वीस माणसं.

सुपरवायझरनं खुर्चीवर आधी प्लास्टिक अंथरलं. कापडाच्या ताक्यावर गुंडाळतात तसलं. म्हणाला, "काका, बुरा मत मानना. कुछ निकल-विकल गया तो सीट कौन धोएगा?"

रांगेत कोणीतरी हसलं.

मी म्हणालो, "थँक यू."

ते थँक यू अजून सलतंय.

अकरा वर्षांपूर्वी उधन्याच्या कापड कारखान्यात सुतानं भरलेला बीम, मागाचा जाड रूळ, पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून त्याच शेठकडे बसून ताके मोजतो, वहीत लिहितो. लघवीला पिशवी लावलेली असते. घरून निघताना मी ती स्वतः बदलली होती. हे त्या रांगेला कसं सांगणार?

ही खुर्ची वाळूत, चिखलात, गवतात चालते. फुगवलेली जाड चाकं. बागेच्या फाटकावर तसा मोठा फलक आहे. मला एकच हवं होतं, तापीच्या पाण्याला हात लावायचा. शिरपूरकडचं आमचं गाव तापीच्याच काठी. तेच पाणी इथं येतं.

सुपरवायझर आणि वॉचमन, दोघांनी काखेत हात घालून मला माझ्या खुर्चीतून उचललं, त्या खुर्चीत ठेवलं. विचारलं नाही. बायको ढकलू लागली. तिची एकशे दहा पावलं झाली आणि फरशी संपली. पुढे मातीचा उतार. साठेक पावलांवर नदी.

वॉचमन धावत आला. फरशी सोडायची नाही, चाकं खराब होतात, साहेबांनी सांगितलंय.

बायको म्हणाली, "ह्या चाकं मातीकरताच शेतस ना, भाऊ?"

तो खुर्चीच्या पुढं उभा राहिला. ही खुर्ची बसणाऱ्याला हलवता येत नाही. तो अडवणार, ती ढकलणार, मी नुसता बसणार. बुडाखाली प्लास्टिक चुरचुरत होतं.

मी बायकोला म्हणालो, "आधी हे खालचं काढ."

तिनं मला एका कुशीवर कलवलं, प्लास्टिक ओढून काढलं. मी वॉचमनला म्हणालो, "भाई, हात लगाके देख. सीट सूखी है."

त्यानं हात लावला नाही. बाजूला झाला.

आम्ही उतरलो. चाकं कुठंही रुतली नाहीत. पण खुर्ची उंच. वाकलो तेवढा वाकलो, हात पाण्याच्या वीतभर वरच राहिला. परत चढताना बायकोचा दम संपला. वर वॉचमन उभा होता, सुपरवायझर उभा होता. चाळीस मिनिटं कोणी खाली आलं नाही. ती चाकाला पाय लावून मला धरून उभी. मी काहीच करू शकत नव्हतो. शेवटी फिरायला आलेल्या दोन अनोळखी माणसांनी ओढलं.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार. प्लास्टिक अंथरलं तर त्यावर बसणार नाही. माझ्याच खुर्चीत, तिकिटाच्या खिडकीसमोर बसून राहीन. रांग अडेल. अडू दे. थँक यू म्हणणार नाही.

त्या दिवशी अनामतीतले साडेचारशे परत मिळाले. चाकं धुण्याचे म्हणून उरलेले पन्नास सुपरवायझरला दिले. पावतीवर 'माती लागली' एवढंच लिहून घेतलं. सीट धुण्याचे काही नाही, हेही त्याच्याकडून लिहून घेतलं. प्लास्टिक घडी करून त्याच्या टेबलावर ठेवलं.