दुधाळ दिव्यांची गाडी

ती संध्याकाळ आठवली की आजही माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो. घरचे हसतात. आजोबा बैलगाडी हाकतात म्हणतात. म्हणू देत. मी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

माझ्या पोलिसातल्या नोकरीतली शेवटची काही वर्षं खालापूर तालुक्यात गेली. दिवाळी नुकतीच उलटली होती आणि भाताची झोडणी जोरात होती. या दिवसांत आमच्याकडे माणसं रात्री खळ्यावर, राशीशेजारीच झोपतात. घरचे समजतात, खळ्यावर असेल. खळ्यावरचे समजतात, आज घरी झोपला असेल. पोलिसांच्या दृष्टीने ही फार वाईट सवय आहे, कारण माणूस हरवलाय हे कळायलाच सकाळ उजाडते.

त्या दिवशी तसंच झालं. मी हजेरी घेत होतो आणि दोन बायका ठाण्याच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. एक साठीची, दुसरी तिची लेक. म्हाताऱ्या बाईच्या हातात भाकरी बांधलेलं फडकं होतं. नवऱ्याची न्याहारी घेऊन ती खळ्यावर गेली होती, तिथं तो नव्हता.

"काल माज्याकडं आलेले," लेक म्हणाली. तिचं सासर चौकला. "उनं उतरल्यावर निघाले. मी म्हटलं रहा, तर म्हणाले, रास उघडी हाय, जी गाडी मिळंल तिनं जातो."

"मोबाईल?"

"घरी चार्जिंगला," म्हातारी म्हणाली. "सायेब, ते खळं टाकून कुटं जायचे नाय वो. काय तरी झालंय."

ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. साधारणपणे म्हातारा माणूस हरवला की आम्ही आधी नातेवाइकांकडे चौकशी करा म्हणून सांगतो. पण ज्याचं भात उघड्यावर पडलंय तो शेतकरी पाहुणचाराला जात नाही, एवढं मला कळत होतं. चौकपासून कर्जतच्या दिशेने जाणारा रस्ता, एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला घाणेरीची रानं, मध्ये मध्ये शहरवाल्यांची फार्महाऊस. त्या सगळ्या पट्ट्यात तो कुठेही असू शकत होता. थंडी पडायला लागली होती. माणूस रात्रभर उघड्यावर पडला असेल तर त्याच्याकडे किती वेळ उरलाय, हा विचार मला बसू देईना.

दोन गाड्या त्या रस्त्यावर शोधायला धाडल्या. तेवढ्यात फोन आला. चौकच्या एका ढाबेवाल्याचा. अशा लोकांशी मी चहापाण्याचे संबंध राखून असे, त्याचा असा उपयोग होतो.

"साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. शेजारच्या गॅरेजवर एक कार आलीय. बंपरचा डावा कोपरा फुटलेला आहे आणि गडी बंपरचं सोडून दिवे घासायला सांगतोय. मला जरा विचित्र वाटलं."

मलाही वाटलं. हवालदाराला घेऊन तडक निघालो. हा हवालदार इथलाच, रस्त्याचा खड्डा न् खड्डा ओळखणारा, पण माणसावर विश्वास ठेवायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

गॅरेजवर गाडी उभी होती. जुनी, वापरलेली घेतलेली. डावा दिवा घासूनपुसून लख्ख झाला होता. उजव्यावर गॅरेजवाला पाणी मारून पॉलिश पेपर फिरवत होता. मालक बाजूला मोबाईल बघत उभा. आम्हाला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पुरावा धुतोय, साहेब," हवालदार माझ्या कानाशी म्हणाला.

मी गाडीला हात लावू दिला नाही. दोन पंच बोलावले, फोटो काढले, पंचनामा केला आणि त्या माणसाला ठाण्यात आणलं. पोशीरचा, चाळिशीचा, घरची भातशेती आणि नोकरी पनवेलला. रोज कारने ये-जा. आधी पाणी दिलं. घसा कोरडा असलेला माणूस खरंही नीट बोलत नाही आणि खोटंही. मग विचारलं, काल संध्याकाळी काय धडकलं?

तो रडायलाच लागला. "साहेब, मी पळालो नाय. थांबलो होतो. खाली उतरलो, मोबाईलची बॅटरी मारली. कायच दिसलं नाय. या रस्त्याला डुकरं आडवी येतात, वाटलं डुक्कर असंल, पळालं असंल."

"मग सकाळी दिवे का घासायला टाकलेस?"

"भीती वाटली म्हणून. काल रस्ता दिसतच नव्हता मला. त्या काचा पिवळ्या पडल्यात, कधीपासून बायको मागं लागलीय. गणपतीच्या आधी टूथपेस्टनं घासल्या होत्या, मोबाईलवर बघून. तेवढे दिवस चकाकल्या, नंतर पयल्यापेक्षा वाईट झाल्या. काल ते धप्प झालं आणि मी रात्रभर झोपलो नाय. म्हटलं, आज कामावर नाय गेलो तरी चालंल, आधी दिवे."

हवालदाराने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याला यातला एक शब्द पटला नव्हता. मला अर्धा पटला होता. पण खरं-खोटं नंतर बघता आलं असतं, आधी माणूस हवा होता. "जागा सांग," मी म्हटलं.

"पुलाच्या जरा पुढं. पांढरा कठडा डाव्या हाताला संपला आणि लगेच धप्प झालं."

तो पूल आमच्या हद्दीत. कठडाही आहे, एके काळी पांढरा रंगवलेला. आम्ही माणसं घेऊन तिथं गेलो. गावकरी आले, म्हाताऱ्याची लेक आणि बायको आली. पुलाखालचं पाणी, दोन्ही काठ, घाणेरी, सगळं पिंजून काढलं. काठ्यांनी झुडपं बाजूला करत माणसं हाका मारत होती. ऊन चढलं, कललं, काही सापडलं नाही. म्हातारी कठड्याला टेकून बसली होती, भाकरीचं फडकं अजून मांडीवर. मी जवळून गेलो की उठायची आणि काही न विचारता परत बसायची. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मला एक गोष्ट टोचत होती. बंपरचा कोपरा फुटला होता, मग त्याचे तुकडे कुठे आहेत? पुलापुढच्या रस्त्यावर प्लॅस्टिकचा एक कपचा नव्हता.

"खोटं बोलतोय, साहेब," हवालदार म्हणाला. "जागा चुकीची सांगतोय. दोन तास माझ्या ताब्यात द्या."

मी परत ठाण्यात गेलो. पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. टेबलावर हात आपटला. तो तेच सांगत राहिला. पांढरा कठडा, मग धप्प. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी काहीतरी नवीन भर घालतो, जास्त पटावं म्हणून. याने एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. मग माझी पंचाईत झाली. माणूस खरा आणि जागा खोटी, असं कसं असेल?

दिवस कलायला आला होता. गाडी ताब्यात घेऊन आणायची होती म्हणून त्याला घेऊन पुन्हा गॅरेजवर गेलो. गॅरेजच्या पत्र्याखाली अंधारून आलं होतं. मी सहज म्हटलं, दिवे लाव.

समोरच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवलेली होती. डाव्या दिव्याचा उजेड तिच्यावर असा पडला की अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. उजवा दिवा मात्र अर्धवट होता. पॉलिश पेपर मारून ठेवलेला, पुढचं काम राहिलेलं. त्याचा उजेड म्हणजे नुसतं पांढरं धुकं. त्यात भिंत होती एवढंच कळत होतं.

"हा दिवा तू खराब केलास का?" मी गॅरेजवाल्याला विचारलं.

तो वैतागला. सकाळपासून आमच्यामुळे त्याचा धंदा बसला होता. "खराब काय करायचाय? ही काच नसते साहेब, प्लॅस्टिक असतं. वरचा थर उन्हाने जळतो. तो काढायला पेपर मारला की आधी दूध होणारच. मग बारीक पेपर, मग कंपाउंड, मग मशीन, तेव्हा उघडतं. आणि शेवटी वरून क्लिअर कोट मारावा लागतो, नायतर टूथपेस्टवाल्यासारखं परत पिवळं. तुम्ही मधेच हात थांबवलात."

मी काही बोलणार तेवढ्यात पोशीरचा तो माणूस भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब, असंच दिसत होतं काल. दोन्हीकडून असंच."

मी त्या धुक्याकडे बघत राहिलो. दिवसभर आम्ही उघड्या डोळ्यांनी, स्वच्छ उन्हात, त्या पुलाजवळ शोधत होतो. यानं तो पूल या धुक्यातून पाहिला होता. यानं पाहिला तो पूलच होता कशावरून?

"डाव्यालाही पेपर मार," मी गॅरेजवाल्याला म्हणालो.

"काय बोलताय साहेब? सकाळपासून घासून चकाचक केलाय तो."

"माहीत आहे. परत दूध कर."

हवालदार माझ्याकडे मी वेडा झाल्यासारखा बघत होता. पंचांना पुन्हा बोलावून, काय करतोय आणि का करतोय ते लिहून घेतलं, नाहीतर कोर्टात वकिलाने माझी सालं काढली असती. गॅरेजवाल्याने शिव्या पुटपुटत पेपर फिरवला. माझं सगळं लक्ष बाहेरच्या उजेडाकडे होतं. कालची ही वेळ निघून गेली तर उद्यापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि उद्यापर्यंत तो म्हातारा थांबेल का हे कोणालाच माहीत नव्हतं.

पोशीरच्या त्या माणसाला चालवायला बसवलं, मी शेजारी. मागून बरंच अंतर ठेवून जीप. "काल होता तेवढ्याच वेगात चल," म्हटलं. चौक मागे पडलं. खरं सांगतो, दरोडेखोरांच्या मागे गेलोय, पण त्या गाडीत बसून जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नाही. समोर रस्ता नव्हताच, नुसता भुरकट पडदा. एक सायकलवाला अगदी जवळ आल्यावर उगवला. मी सीट धरून बसलो होतो. हा माणूस रोज असा घरी जात होता, आणि त्याच्यासारखे अजून किती जण जात असतील.

खरा पूल आला आणि गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही. कठडा त्या उजेडात दिसलाच नाही, कारण तो जुना, शेवाळलेला. मी तोंड बंद ठेवलं. बरंच पुढे गेल्यावर डावीकडे काहीतरी लांबलचक पांढरं सुरू झालं. त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"हा बघा साहेब कठडा," तो म्हणाला. पांढरं संपलं आणि त्याने करकचून ब्रेक मारला. "इथं. इथंच."

मी बॅटरी घेऊन उतरलो. तो कुठल्याशा नव्या फार्महाऊसची कंपाउंडची भिंत होती, ताज्या चुन्याने रंगवलेली. बॅटरी खाली फिरवली तर गवतात काळ्या प्लॅस्टिकचा कपचा. बंपरचा कोपरा.

जीप येऊन थांबली. हवालदार कपच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, इथून हद्द आपली नाय. कर्जतकडची."

"हद्द उद्या बघू. हाक मार."

त्याचा आवाज मोठा. "ओ मामा," त्याने अंधाराला हाक घातली. काही नाही. पुन्हा घातली. मग खालून, रस्त्याखालच्या मोरीतून, कण्हल्यासारखा आवाज आला. घाणेरीत अंग ओरबाडून घेत आम्ही उतरलो. म्हातारा तिथं होता. उतारावरून गडगडत गेला होता आणि शुद्ध आल्यावर गारठा चुकवायला मोरीत सरपटला होता. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, पण जिवंत. ज्याने सगळा दिवस कोणावर विश्वास ठेवला नव्हता त्या हवालदाराने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आपल्या बाटलीतलं पाणी बोटाने त्याच्या ओठांना लावत राहिला. पोशीरचा तो माणूस रस्त्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी त्याला उठवलं नाही.

गुन्हा दाखल झाला, तपास कर्जतकडे वर्ग झाला, ते सगळं रीतसर. तो सुटला की नाही ते न्यायालयाचं काम. मला सांगायचंय ते जबाबाबद्दल. ऑपरेशननंतर म्हातारा बोलायला लागला, तेव्हा मी भेटायला गेलो. टेंपोने त्याला वाटेत सोडलं होतं, टेंपो आत वळणार होता म्हणून. पुढे तो चालत निघाला.

"मग रस्ता का ओलांडलात? गाडी दिसली नाही?"

"दिसली की," तो म्हणाला. "पन दिवं मिनमिनतं व्हतं. वाटलं, लय लांब हाय. तवर जाऊ पल्याड."

सबंध तपासात मी एकच प्रश्न विचारला होता, चालवणाऱ्याला काय दिसलं नाही. रस्त्यावर चालणाऱ्याला काय दिसलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण म्हणतो, मला या रस्त्याची सवय आहे, मला दिसतं. पण दिवा फक्त आपल्यासाठी लावलेला नसतो. समोरच्याला तो सांगत असतो की मी इतका जवळ आलोय. तो दिवाच खोटं बोलायला लागला तर समोरच्याने काय करायचं?

म्हाताऱ्याला बरेच दिवस दवाखान्यात राहावं लागलं. त्या काळात कोर्टाच्या हुकमाने गाडी सुपूर्दनाम्यावर, मागू तेव्हा हजर करायच्या अटीवर, मालकाला परत मिळाली. एका संध्याकाळी मी पुन्हा भेटायला गेलो तर तो पोशीरचा माणूस आवारात घुटमळत होता. वर जायची हिंमत होत नव्हती. दिवे त्याने नीट करून घेतले होते, क्लिअर कोटसकट. मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने उठून खिडकी उघडली.

"पेटवाय सांगा त्याला," म्हातारा म्हणाला.

हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. मी खिडकीतून त्याला हाक मारली आणि दिवे लावायला खुणावलं. आवाराच्या पार टोकाला, फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीचे दिवे लागले आणि वॉर्डच्या भिंतीवर उजेड आला. म्हातारा उशीवरून मान उचलून बराच वेळ बघत राहिला.

"आता जवळ वाटतंय," तो म्हणाला, आणि मान खाली टेकली.